रायझन ५ ५६०० आणि ५६००जी : नावात एका अक्षराचा फरक, कामात किती?

बेळगावात मध्यम किमतीचा डेस्कटॉप जुळवून घ्यायला गेले की दुकानदाराच्या कोटेशनमध्ये गेली काही वर्षे एएमडी कंपनीचे दोन प्रोसेसर हमखास शेजारी शेजारी दिसतात : रायझन ५ ५६०० आणि रायझन ५ ५६००जी. निपाणीत लग्नपत्रिका छापणारा डीटीपीवाला असो, उद्यमबागेत सीएनसी मशीन चालवणारा कारखानदार असो किंवा टिळकवाडीत खोली घेऊन अभियांत्रिकी शिकणारा खानापूरचा विद्यार्थी असो, प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो : ‘या दोन्हींत फास्ट कुठला?’ काउंटरमागून उत्तर येते, ‘एकच की दोन्ही, ‘जी’वाला घ्या, वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही.’ हे उत्तर काही जणांसाठी अगदी योग्य असते आणि काही जणांना ते पुढची पाच वर्षे भोवते. म्हणूनच या दोन प्रोसेसरांमध्ये नेमका कुठे फरक आहे आणि तो आपल्या कामात कसा ओळखायचा, हे नीट समजून घेणे गरजेचे आहे.

आधी साम्य पाहू. दोन्ही प्रोसेसर ‘झेन ३’ या एकाच आराखड्यावर बेतलेले आहेत. हा आराखडा एएमडीने नोव्हेंबर २०२० मध्ये बाजारात आणला. ५६००जी ऑगस्ट २०२१ मध्ये सुट्या विक्रीसाठी आला आणि ५६०० एप्रिल २०२२ मध्ये. दोन्हींत सहा कोअर आणि बारा थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) आहेत, दोन्ही एएम४ सॉकेटच्या (प्रोसेसर बसवायच्या खोबणीच्या) मदरबोर्डवर बसतात, दोन्हींना डीडीआर४ रॅम लागते, दोन्हींच्या खोक्यावर ६५ वॅट लिहिलेले असते आणि दोन्हींचा कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ आहे. आकडेमोड करणारा प्रत्यक्ष भाग, म्हणजे कोअर, दोन्हींत सारखाच आहे. फरक आहे तो या कोअरला माहिती पुरवणाऱ्या व्यवस्थेत, आणि तोच भाग जाहिरातीत सगळ्यात कमी दिसतो.

कोटेशनवर ठळकपणे दिसतो तो घड्याळाचा वेग, आणि गैरसमजाची सुरुवात बहुधा तिथूनच होते. ५६००चा मूळ वेग ३.५ गिगाहर्ट्झ आणि ५६००जीचा ३.९ गिगाहर्ट्झ. हे वाचून ५६००जी दहा टक्क्यांनी वेगवान असावा असे वाटणे साहजिक आहे. परंतु मूळ वेग म्हणजे सगळ्या कोअरवर सतत भार असताना कंपनी ज्याची हमी देते तो किमान वेग. प्रत्यक्षात थंडावा पुरेसा असेल, तर दोन्ही प्रोसेसर बहुतेक वेळ चार गिगाहर्ट्झच्या वरच चालतात, कारण दोन्हींना ६५ वॅटचे लेबल असूनही मदरबोर्डकडून त्याहून अधिक वीज घेण्याची मुभा असते. त्यामुळे मूळ वेगातील हा ०.४ चा फरक रोजच्या कामात जवळजवळ उतरतच नाही.

खरा फरक आहे तो कॅशमध्ये. प्रोसेसरच्या पोटात रॅमपेक्षा कितीतरी वेगवान, पण आकाराने अगदी लहान अशी स्मृती असते, तिला कॅश म्हणतात. तिच्या तीन पातळ्या असतात आणि तिसरी पातळी, म्हणजे एल-३ कॅश, सगळे कोअर वाटून वापरतात. ५६००मध्ये ही कॅश ३२ मेगाबाइट आहे, तर ५६००जीमध्ये १६ मेगाबाइट, म्हणजे बरोबर निम्मी. शहापूर-वडगावच्या यंत्रमागाचा विचार केला तर हे चटकन लक्षात येईल : माग कितीही वेगाने धावणारा असला, तरी धोट्यातली कांडी संपल्यावर नवी कांडी हाताशी नसेल आणि ती गल्लीपलीकडच्या गोदामातून आणावी लागत असेल, तर माग तेवढा वेळ उभाच राहणार. कॅश म्हणजे मागाशेजारची कांड्यांची पेटी, आणि रॅम म्हणजे ते गोदाम.

गोदाम किती दूर आहे, हेही आकड्यात पाहण्यासारखे आहे. ४.४ गिगाहर्ट्झ वेगाने चालणाऱ्या कोअरचे एका सेकंदात ४४० कोटी ठोके पडतात. हवी असलेली माहिती एल-३ कॅशमध्ये सापडली, तर ती हाती यायला साधारण ४० ते ५० ठोके लागतात. ती तिथे नसेल आणि रॅमपर्यंत जावे लागले, तर सुमारे ७० नॅनोसेकंद जातात, म्हणजे तीनशेहून अधिक ठोके. हा काळ थोडाफार भरून काढण्यासाठी प्रोसेसर पुढची माहिती आधीच मागवून ठेवतो आणि मधल्या वेळात दुसरी कामे उरकतो. तरीही ज्या कामात पुढची माहिती कुठून लागेल याचा अंदाज बांधता येत नाही, तिथे कॅशचा आकार निर्णायक ठरतो.

संगणकावरचे खेळ हे अशा कामाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. एका सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर प्रत्येक चित्रासाठी प्रोसेसरला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात आणि तेवढ्यात शेकडो वस्तूंची स्थिती, टक्कर, आवाज यांचा हिशेब रॅममध्ये विखुरलेल्या माहितीवरून करावा लागतो. त्यामुळे चांगले ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचे चित्र तयार करणारे वेगळे कार्ड लावून या दोन प्रोसेसरांची तुलना केली, की अनेक खेळांत ५६०० हा ५६००जीपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक पुढे जातो, आणि हा फरक सरासरीइतकाच मधूनच बसणाऱ्या झटक्यांतही जाणवतो. कॅशचे हे महत्त्व केवळ या जोडीपुरते नाही. एप्रिल २०२२ मध्ये एएमडीने रायझन ७ ५८००एक्स३डी आणला, तेव्हा आधीच्या ५८००एक्सचेच आठ कोअर ठेवून एल-३ कॅश तेवढी ३२ वरून ९६ मेगाबाइट केली आणि कमाल वेग उलट ४.७ वरून ४.५ गिगाहर्ट्झवर उतरवला. तरीही खेळांत हा कमी वेगाचा प्रोसेसर स्पष्टपणे सरस ठरला आणि त्रिमिती चित्र रेंडर करण्याच्या, म्हणजे आकडेमोड करून ते पूर्ण उतरवण्याच्या कामात मात्र थोडा मागे पडला. एकाच प्रयोगात दोन्ही गोष्टी इतक्या स्वच्छ दिसण्याचा योग प्रोसेसरांच्या जगात क्वचित येतो.

रेंडरिंगमध्ये उलटे का होते, तेही समजून घेतले पाहिजे, कारण आपल्या भागातील बरेचसे व्यावसायिक काम त्या जातीचे आहे. ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा सिनेबेंचसारख्या चाचणीत चित्राचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येक कोअरला एकेक दिला जातो. त्या तुकड्यासाठी लागणारी माहिती बरीचशी कॅशमध्ये मावते आणि उरते ती निव्वळ आकडेमोड. दोन्ही प्रोसेसरांचे कोअर सारखेच असल्यामुळे अशा कामात ते जवळजवळ बरोबरीने धावतात. दोन-चार टक्क्यांचा जो फरक दिसतो तो कूलर, मदरबोर्ड आणि खोलीचे तापमान यांनीही इकडचा तिकडे होऊ शकतो. पाच टक्के म्हणजे वीस मिनिटांच्या कामात एक मिनिट, हे ध्यानात ठेवले म्हणजे अशा आकड्यांचे खरे वजन कळते.

उद्यमबागेतील कारखान्यांचा प्रश्न याहून थोडा गुंतागुंतीचा आहे. तिथे दिवसभर ऑटोकॅडमध्ये किंवा तत्सम सॉफ्टवेअरमध्ये सुट्या भागांची ड्रॉइंग होतात आणि हे काम बहुतांशी एकाच कोअरवर चालते. बाकीचे पाच कोअर त्या वेळी रिकामे बसलेले असतात. एका कोअरच्या कामात ५६०० आणि ५६००जी यांच्यात नावापुरताच फरक आहे. मशीनसाठी टूलपाथ, म्हणजे कापणाऱ्या हत्याराची वाट काढताना कामाचा काही भाग अनेक कोअरांवर वाटला जातो आणि काही भाग एकामागून एकच करावा लागतो. अशा मिश्र कामाचा हिशेब जीन अमडाल या संगणकतज्ज्ञांनी १९६७ मध्ये मांडला. समजा, कामाचा ६० टक्के भाग वाटता येतो आणि ४० टक्के येत नाही. सहा कोअर लावले तर तो ६० टक्के भाग दहावर येतो, पण ४० टक्के तसाच राहतो, म्हणजे शंभर मिनिटांचे काम पन्नास मिनिटांत होते. सहा कोअर असून वेग फक्त दुप्पट! ‘जास्त कोअरवाला घेतला तरी ड्रॉइंग तेवढेच अडकते’ ही तक्रार अनेक कारखानदारांकडून ऐकू येते, तिचे कारण या हिशेबात आहे. फाउंड्रीसाठी ओतकामाचे सिम्युलेशन करणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. साच्यात धातू कसा भरतो आणि कसा गोठतो, याची गणिते लाखो बिंदूंवर चालतात. मोठ्या मॉडेलची माहिती १६ काय किंवा ३२ काय, कोणत्याच कॅशमध्ये मावत नाही आणि मग रॅमकडून माहिती किती वेगाने येते तेवढेच महत्त्वाचे ठरते. ती वाट दोन्ही प्रोसेसरांत सारख्याच रुंदीची आहे.

आता ‘जी’ या अक्षराकडे वळू. ५६००जीच्या पोटात व्हेगा जातीचे सात भागांचे ग्राफिक्स आहे, ५६००मध्ये ते मुळीच नाही. ५६०० घेऊन वेगळे ग्राफिक्स कार्ड लावले नाही, तर मदरबोर्डवर एचडीएमआयचे छिद्र असूनही पडदा काळाच राहतो. पहिल्यांदाच संगणक जुळवणाऱ्याने हे विशेष लक्षात ठेवावे. १६ मेगाबाइट कॅशचे कारणही याच ग्राफिक्समध्ये दडलेले आहे. ५६००जी हा मुळात लॅपटॉपसाठी तयार केलेल्या चिपचा डेस्कटॉप अवतार आहे. एकाच तुकड्यावर कोअर, ग्राफिक्स आणि रॅमचा नियंत्रक असे सगळे बसवायचे म्हटल्यावर कॅशची जागा कमी करावी लागली. ५६००मध्ये मात्र दोन तुकडे आहेत, एकावर कोअर आणि कॅश, तर दुसऱ्यावर रॅम आणि बाकीच्या जोडण्यांचा नियंत्रक. या रचनेमुळे ५६००ला मोठी कॅश परवडली, पण संगणक नुसता चालू पडून असतानाही तो ५६००जीपेक्षा थोडी अधिक वीज खातो.

व्हेगा ग्राफिक्सला स्वतःची स्मृती नसते, ते रॅमचाच हिस्सा वापरते. म्हणून ५६००जी घेणाऱ्याने प्रोसेसरइतकेच लक्ष रॅमकडे द्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. डीडीआर४-३२०० ची एकच पट्टी लावली तर रॅमकडून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ गिगाबाइट माहिती येऊ शकते. दोन पट्ट्या योग्य जागी लावल्या तर हाच आकडा ५१.२ होतो. आकार तेवढाच, खर्चात थोडाच फरक, आणि ग्राफिक्सच्या कामात मात्र ही निवड दोन प्रोसेसरांमधील कोणत्याही फरकापेक्षा मोठी ठरते. तरीही १६ गिगाबाइटची एकच पट्टी लावून मशीन ग्राहकाच्या हवाली करण्याची पद्धत सर्रास दिसते. ‘पुढे वाढवायला जागा राहते’ असे त्याचे समर्थन केले जाते, पण ती दुसरी पट्टी बहुतेकांच्या मशीनमध्ये कधीच येत नाही. शिवाय ग्राफिक्ससाठी साधारणपणे अर्ध्यापासून दोन गिगाबाइटपर्यंत रॅम राखून ठेवली जाते. त्यामुळे ८ गिगाबाइटच्या मशीनवर ५६००जी लावणे म्हणजे आधीच अपुरे असलेले आणखी अपुरे करणे होय.

गणेशोत्सवाच्या आधीच्या पंधरवड्यात बेळगावच्या फ्लेक्स छापणाऱ्यांकडे दिवसरात्र फलकांचे काम चालते, आणि तिथे हाच मुद्दा ठळकपणे दिसतो. कार्यकर्त्यांचे फोटो, मंडळाची मूर्ती, मराठी आणि कन्नड दोन्ही मजकूर असलेली एकेक फाइल शेकडो मेगाबाइटची होते. अशा दोन-तीन फाइली एकदम उघडल्या की रॅम भरते आणि संगणक उरलेली माहिती डिस्कवर ठेवू लागतो. मग प्रोसेसर कोणताही असो, तो नुसता वाट पाहत बसतो. या व्यवसायात ५६००जी आणि दोन पट्ट्यांत मिळून ३२ गिगाबाइट रॅम ही जोडी, ५६०० आणि एखादे जुने कार्ड घेऊन रॅमवर काटकसर करण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाची आहे. हिशेब, पत्रव्यवहार, ऑनलाइन अर्ज भरणे यांत तर दोन्ही प्रोसेसरांतला फरक माणसाला जाणवणारही नाही.

ग्राफिक्स कार्ड लावायचेच असेल, तर आणखी एक बाब तपासावी लागते. ५६०० पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर यांना जोडणाऱ्या वाटेच्या, चौथ्या पिढीची जोडणी देतो, ५६००जी तिसऱ्या पिढीची, जिचा वेग निम्मा असतो. सोळा मार्गिका असलेल्या मोठ्या कार्डाला त्याने फारसे बिघडत नाही. परंतु जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटीसारख्या स्वस्त कार्डाला चारच मार्गिका आहेत. तिसऱ्या पिढीच्या जोडणीवर ते स्पष्टपणे मंदावते. म्हणजे ‘आज ५६००जी घेऊ आणि पुढे एखादे स्वस्त कार्ड टाकू’ हा सर्वांत लोकप्रिय बेत नेमका याच ठिकाणी फसण्याची शक्यता असते. हा फरक मदरबोर्डवरही अवलंबून आहे. ए५२० चिपसेटचा बोर्ड तिसऱ्या पिढीवरच थांबतो, त्यामुळे त्यावर ५६०० लावूनही हा लाभ मिळत नाही; त्यासाठी बी५५०सारखा बोर्ड लागतो.

विजेचा विचारही इथे टाळता येत नाही, कारण निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यात संगणक यूपीएसशिवाय चालवण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही. पूर्ण भारावर दोन्ही प्रोसेसर ६५ वॅटपेक्षा थोडी अधिक वीज घेतात, पण ५६००सोबत कार्ड आले की त्याची भर पडते. रेडिऑन आरएक्स ६६०० हे फारसे खादाड न मानले जाणारे कार्डसुद्धा १३२ वॅटपर्यंत जाते. लहान यूपीएसवर करंट गेल्यानंतर फाइल सेव्ह करून मशीन बंद करायला किती मिनिटे मिळतील, हे या बेरजेवर ठरते. उष्णतेच्या बाबतीत ५६००ची कमाल मर्यादा ९० अंश आणि ५६००जीची ९५ अंश सेल्सिअस आहे. ती गाठली की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. बेळगावची हवा त्या मानाने सौम्य आहे, पण फाउंड्रीची बारीक काळी धूळ कूलरच्या पात्यांत आणि पट्ट्यांत बसली, की वर्षभरात नवा प्रोसेसरही जुन्यासारखा वागू लागतो.

या सगळ्यामुळे इंटरनेटवर दिसणारी तुलना वाचताना काही गोष्टी पारखून घ्याव्या लागतात. प्रोसेसरांमधील फरक उघड व्हावा म्हणून परीक्षक मुद्दाम सर्वांत महागडे ग्राफिक्स कार्ड लावतात आणि चित्राचा दर्जा कमी ठेवतात. तसे करणे पद्धत म्हणून योग्यच आहे, पण आपल्या घरी मध्यम कार्ड आणि उच्च दर्जा असेल तर अडथळा कार्डाचा असतो आणि दोन्ही प्रोसेसर सारखेच आकडे देतात. सर्व चाचण्यांची मिळून काढलेली सरासरी तर आणखी दिशाभूल करते, कारण तिच्यात रेंडरिंगमधली बरोबरी आणि खेळांतली तफावत एकमेकींत विरघळून जातात. तुलना खरी व्हायची तर दोन्ही मशीनमध्ये रॅम, कूलर, डिस्क आणि विंडोजची मांडणी तंतोतंत सारखी हवी, आणि प्रत्येक चाचणी निदान तीनदा घेऊन मधला आकडा धरला पाहिजे, कारण पहिल्या वेळी डिस्कवरून माहिती यायला वेळ लागतो आणि नंतर मशीन तापते. एक बारीकशी बाब इथे अनेकदा निसटते : ३२०० लिहिलेल्या कित्येक रॅमपट्ट्या बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ मांडणीच्या पानावर) एक्सएमपीची, म्हणजे रॅमच्या लिहिलेल्या वेगाची निवड केल्याशिवाय २४०० किंवा २६६६ वरच चालतात. एका मशीनमध्ये ती निवड केलेली आणि दुसऱ्यात नाही, अशी तुलना प्रोसेसरांची राहतच नाही.

पैसे देण्यापूर्वी दुकानातच करता येण्याजोगी तपासणी अगदी सोपी आहे. विंडोज सुरू झाल्यावर टास्क मॅनेजर उघडावा आणि परफॉर्मन्सच्या पानावर जावे. सीपीयूच्या आलेखाखाली उजवीकडे एल-३ कॅशचा आकडा दिसतो : ५६०० असेल तर ३२ मेगाबाइट, ५६००जी असेल तर १६. त्याच पानावर मेमरीवर टिचकी मारली की रॅमचा प्रत्यक्ष वेग आणि किती खोबणी भरल्या आहेत तेही कळते. आपल्या कामाची एखादी खरी फाइल पेनड्राइव्हवर सोबत नेली आणि ती चालू असताना हेच पान पाहिले तर आणखी चांगले. सगळे कोअर शंभर टक्क्यांवर गेले तर अडथळा प्रोसेसरचा. एकच कोअर राबत असेल आणि बाकीचे शांत असतील तर जास्त कोअर घेऊन उपयोग नाही. मेमरी काठोकाठ भरली असेल तर आधी रॅम घ्यावी.

माझ्या मते सीमाभागातील कार्यालये, डीटीपी केंद्रे आणि विद्यार्थी यांच्यापैकी बहुतेकांसाठी दोन पट्ट्यांच्या रॅमसह ५६००जी हीच योग्य निवड आहे. बी५५० बोर्ड आणि चांगले कार्ड पहिल्याच दिवशी घेणाऱ्याने मात्र ५६०० सोडून दुसरे काही पाहू नये. लग्नाचे व्हिडिओ संपादित करणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे. नवे कॅमेरे बऱ्याचदा एच.२६५ या व्हिडिओ आवळून साठवण्याच्या स्वरूपात, दहा बिटच्या ४:२:२ रंगमांडणीत चित्रण करतात, आणि ते उलगडून दाखवण्याची हार्डवेअर सोय ५६००जीच्या ग्राफिक्समध्ये नाही. ५६००मध्ये तर ग्राफिक्सच नाही. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या इंटेल कोअर आय५-१२४०० मध्ये मात्र ती आहे. कोअर त्यातही सहा, थ्रेड बारा आणि कमाल वेग तोच ४.४ गिगाहर्ट्झ. इथेही अक्षराकडे लक्ष ठेवावे लागते : याच प्रोसेसरच्या नावापुढे ‘एफ’ असेल, तर त्यातील ग्राफिक्स बंद केलेले असते आणि त्याबरोबर व्हिडिओ उलगडण्याची सोयही जाते.